आईचा जुनाच फोन बरा

छोट्या,

आईचा जुना फोन दुरुस्तीला घेऊन चालले आहे. तू हौसेने आणलेला नवा कपाटात ठेवलाय, तो परत करून ये. रागावू नकोस. सहा वर्षं म्हणजे फोनचं म्हातारपणच, हे तुझं म्हणणं दुकानदारालाही पटलं, आत्ताच त्याला फोन केला होता. "ताई, बॅटरी बदलून देतो, पण किती दिवस चालेल सांगता येत नाही," म्हणाला. चालेल तितका चालू दे. नव्यावर आईचं बोट फिरतच नाही रे, मी शिकवून दमले.

आज सकाळी मी चहा दिला, तर ती माझ्याकडे परक्यासारखी बघत राहिली. स्वयंपाकघरात आले आणि माझा फोन वाजला. पलीकडच्या खोलीतून आईच बोलत होती, अगदी दबक्या आवाजात. "बाळा, कुठे आहेस गं? लवकर घरी ये. कुणी बाई शिरलीये घरात. बोलते गोड, पण मला भीती वाटते."

"निघालेच, आई," म्हटलं. चपला घालून जिन्यात गेले, डोळे पुसले आणि बेल वाजवली. दार उघडून तिने मला घट्ट धरलं. "बरं झालं आलीस. गेली ती," म्हणाली.

माझा चेहरा तिला आठवत नव्हता, पण त्या फोनवर मी कुठे सापडते ते बोटाला ठाऊक होतं.

शेजारच्या काकू तिच्याजवळ बसल्यात. आलास की त्यांना मोकळं कर. आई उशाखाली फोन शोधेल. ताईने नेलाय, आणतेय, असं सांग. विचारेल तितक्या वेळा सांग.

ताई