मोठा रोल न घेणारी मशीन

मंठा, दि. ९ फेब्रुवारी २००४

तीर्थस्वरूप अण्णासाहेब (आमचे थोरले साडूभाऊ, पुण्याच्या कंपनीतले कम्प्युटरवाले आणि माझ्या सध्याच्या सगळ्या तापाचं मूळ) यांना धाकटा साडू मच्छिंद्र याचा मंठ्याहून दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? उषाक्काची शुगर? चहात साखर बंद केली म्हणून त्या जिलेबी खाऊन राह्यल्या असं बेबीनंदा सांगत होती. दोघी बहिणींचं माहेरचं बोलणं आहे, मी मध्ये पडत नाही. आम्ही इकडं खुशाल आहोत, म्हणजे बेबीनंदा खुशाल आहे. माझं काय ते खाली वाचालच. फोन न करता पत्र लिहून राह्यलो त्याचं कारण एसटीडी बूथवाल्याचे कान. इथून पुण्याला बोललेलं दहा मिनिटांत बसस्टँडवर पोचतं, आणि हे जर पोचलं तर मला स्टुडिओचं शटर वर करायची सोय राहायची न्हाई.

दिवाळीला तुम्ही आल्ता. स्टुडिओच्या दारात खुर्ची टाकून बसलात (मी तेव्हाच म्हणालो होतो, आत बसा). आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सात-आठ रिकाम्या माणसांना तुम्ही जाहीर केलं की, आता स्कॅनर नावाची मशीन निघाली आहे, तिच्यात जुनी निगेटिव्ह घातली की वीस वर्षांपूर्वीचा फोटो काल काढल्यासारखा बाहेर येतो, आणि आमचे मच्छिंद्रराव लवकरच ती आणणार आहेत. बराबर? तुम्ही दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गाडीत बसलात. मी इथंच राहतो, अण्णासाहेब. त्या दिवसापासून रोज दोन-चार जण येतात, बाकड्यावर बसतात, आणि विचारतात, मशीन आली का? त्यांच्याकडं तारीख असते, लग्न कोणाचं ते असतं, आपण मांडवाच्या कोणत्या खांबापाशी उभे होतो तेही असतं. माणसांना स्वतःची जमीन कोणत्या गटात आहे ते आठवत नाही, पण माझा फ्लॅश पडल्याचं आठवतं.

तुम्ही पाठवलेले अकरा कागद मिळाले. सगळे इंग्रजी. ते मी जिद्दीनं वाचले आणि माझ्या डोक्यात शिरलं ते असं. पहिली मशीन लहान, चपळ, चित्र एकदम साफ. पण ती फक्त पस्तीसची बारीक फिल्म घेते, जुना मोठा रोल तिच्या तोंडातच जात नाही. दुसरी झेरॉक्ससारखी आडवी, झाकणात दिवा, तिच्यात मोठा रोल आणि बारीक फिल्म दोन्ही चालतात. पण फिल्म वाकडी झालेली असली तर मधलं चित्र ठीक आणि कडेचे वऱ्हाडी पुसट. तिसरीत सगळं चालतं, सगळं साफ येतं, आणि तिच्या किमतीत आमच्याकडं लोक ट्रॅक्टर घेतात. कागदावर तुम्ही पेन्सिलनं दुसरीवर बरोबरची खूण केली आहे. तुमची खूण मी रबरानं पुसली आहे. का, ते पुढं येतंय, जल्दी करू नका.

मधल्या काळात, उगाच पैसे घालण्याआधी एकदा करून बघावं म्हणून, मी जालन्याला गेल्तो. तिथं सर्जेराव म्हणून माझा दोस्त आहे, लग्नपत्रिका छापतो, त्याच्याकडं कागदाचा साधा स्कॅनर आहे. गिऱ्हाइकाची निगेटिव्ह नेणं जोखमीचं, म्हणून स्वतःच्या लग्नाची नेली (बेबीनंदाला न विचारता). सर्जेरावनं ती काचेवर ठेवली, झाकण लावलं, आणि पडद्यावर जे आलं ते शेणानं सारवलेल्या भिंतीचं चित्र होतं. तो म्हणाला वरून उजेड पाहिजे. मग झाकण काढून त्यानं वर टेबललॅम्प धरला. पुरेना, म्हणून शंभरचा बल्ब लावला आणि तेवढ्यात त्याच्या गिऱ्हाइकाशी ‘चि. सौ. कां.’वरून वाद घालायला लागला. वाद संपेपर्यंत माझी निगेटिव्ह पापडासारखी फुगली. आता तिच्यात मी जसाच्या तसा आहे आणि बेबीनंदाची मान माझ्यापासून लांब वळलेली आहे. हे उषाक्काला बिलकुल सांगू नका.

आता मूळ गोष्टीवर येतो. हे पत्र वाचून झाल्यावर फाडा.

अण्णासाहेब, मोठ्या रोलात बारा फोटो यायचे. बारा. त्या काळी लग्नात दोन रोल ठरायचे, फार तर तीन. आणि मांडवात माणसं चारशे. नवरदेवाचा चुलता, चुलत्याचा साडू (आपली जातच वाईट), साडूच्या गावचा चेअरमन, प्रत्येकाला नवरा-नवरीशेजारी उभं राहून फोटो पाहिजे. नाही म्हटलं तर माणूस जेवायचा राहतो आणि वर्षभर रुसतो. म्हणून आमच्या धंद्यात एक रीत होती, तिला आम्ही कोरा फ्लॅश म्हणायचो. माणूस उभा करायचा, टोपी नीट करायला लावायची, वरून कॅमेऱ्यात वाकून बघायचं, आणि फ्लॅशच्या मागचं बारीक बटण अंगठ्यानं दाबायचं. नुसता उजेड पडतो, फोटो निघत न्हाई, म्हणून रोल पुढं सरकवायची दांडीही फिरवायची न्हाई. तोंडावर उजेड पडला की माणूस खूश. फोटो मागायला शंभरात दोनही यायचे न्हाईत, आले तर रोल खराब झाला म्हणायचं. असे किती मारले त्याचा हिशेब वर द्यावा लागणार आहे, तो मी देईन. पण खाली मंठ्यात द्यायची तयारी माझी न्हाई! पंचाण्णव साली पस्तीसचा कॅमेरा घेतला, छत्तीस फोटो यायला लागले, आणि मी सज्जन झालो.

बाकीच्यांचं मी हसण्यावारी नेलं असतं. चेअरमनला काय, त्याचे फोटो भिंतीवर मावत नाहीत. पण साळूबाई आहे. मागच्या गल्लीतली, बाजाराच्या दिवशी मेथी-शेपू घेऊन बसते. तिचा नवरा कारभारी एक्क्याण्णवला तापानं गेला. जन्मात त्याचा एक फोटो न्हाई. रेशनकार्डावर लागत नव्हता, आणि हौस करायला हात मोकळा नव्हता. शहाऐंशीला त्यांच्याच गल्लीतल्या पुंजारामच्या लग्नात मीच त्या दोघांना हाक मारून उभं केलं होतं. पदर नीट घ्या म्हणालो, कारभारी हसा म्हणालो, आणि मारला कोरा. तो गेल्यावर ती एकदा आली, मी म्हणालो शोधतो. आता दिवाळीपासून ती दर बाजाराला येते, मेथीची जुडी टेबलावर ठेवते, आमच्या मालकाचा फोटू तेवढा पहिला काढा म्हणते, आणि जाते. भांडत न्हाई, आवाज चढवत न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं. बेबीनंदा ती मेथी झकास करते आणि मी लोणच्याशी भाकरी खाऊन उठतो. लाज वाटते, अण्णासाहेब, खरंच सांगतो.

म्हणून माझं ठरलं आहे, मशीन पहिली घ्यायची. बारीक फिल्मवाली. पंचाण्णवच्या पुढचे फोटो हवे तेवढे काढा, एकूण एक सापडतील. आणि जुन्या लग्नातलं कोणी आलं की मी हळहळायचं, काय करावं, ही मशीन मोठा रोल घेतच न्हाई! पाप मशीनच्या नावावर. तुम्ही फक्त एवढं करा. कंपनीच्या कागदावर मला एक पत्र लिहा की, सर्व बाबींचा विचार करता पहिलीच मशीन योग्य आहे आणि मोठ्या रोलचा नाद सोडावा. मध्ये मध्ये जड इंग्रजी शब्द घाला, खाली शिक्का मारा. मी ते दुकानात मोठ्यानं वाचून दाखवीन. माझ्या शब्दाला इथं कोणी विचारत नाही, पण पुण्याहून शिक्का मारून आलं की लोकांना पटतं.

थंडी आहे, गुडघ्याला तेल लावत जा. उषाक्कांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. कमीजास्त लिहिलं असेल तर साडूपणाच्या हक्कानं पोटात घाला.

आपला,
मच्छिंद्र

ता. क. पत्र लिहायला कुरकुर कराल म्हणून सांगून ठेवतो. पंच्याऐंशी साली तुमचं लग्न मीच काढलं होतं. दुसऱ्या रोलात तुमच्या आत्या, तुमचे दोन्ही काका आणि तुमच्या ऑफिसचे साहेब असायला पाहिजे होते. एकही न्हाई. त्या सगळ्यांना कोरा. त्या रोलात पाच फोटो नवरीच्या धाकट्या बहिणीचे आहेत, पाणी वाटताना, आणि उरलेले सात त्याच बहिणीचे, पाणी न वाटताना. पुढं आपण साडू कसे झालो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. साहेबांनी तुमची बढती का अडवली तेही आता लक्षात यावं. तेव्हा तुमच्याही घरी शांतता राहायची असेल, तर पहिली मशीन.

ता. क. २. पाकीट चिकटवायला घेतलं आणि साळूबाई आली. बाजाराचा दिवस नव्हता, नुसतीच आली. काय झालं माहीत न्हाई, माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणालो, साळूबाई, त्या दिवशी तुमचा फोटो निघालाच नव्हता, नुसता उजेड मारला होता, मला माफ करा. ती बाकड्यावर बसली. म्हणाली, “ठावं हाये की मला. तुमी दांडी फिरवलीच न्हाई, म्या बघत होते. मालक बी वाटेनं मला म्हनले, फोटूवाल्यानं आपल्याला फशिवलं, पर चारचौघांत शेजारी उभं केलं गं त्यानं.” मी म्हणालो, मग इतके दिवस मागत कशाला होतात? तर म्हणाली, “त्यो फोटू म्या कवा मागितला? म्हनलं मशीन येनार म्हंजे तुमी समदे डबे उघडसाल. दुसऱ्याच्या फोटूत कुठं तरी मागं उभे असतील त्ये. येवढं वाढपी माणूस, प्रत्येक लग्नात पंगतीला राबायचं.”

अण्णासाहेब, हे मला अठरा वर्षांत सुचलं न्हाई.

ता. क. ३. निगेटिव्हचे डबे तिच्यासमोरच उघडले. दुपार गेली त्यात. पुंजारामच्या लग्नाचा पहिला रोल, नववा फोटो. पुढं पुंजारामचा मामा छाती काढून उभा आहे, आणि त्याच्या खांद्यामागं पंगतीत, हातात वरणाची बादली घेऊन कारभारी. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. भिंग लावलं तर कोणाकडं तरी बघून हसतोय. तुमच्या कागदात लिहिलंय ते खरं आहे, मोठ्या फिल्ममध्ये फार बारीक बारीक गोष्टी साठून राहतात. वरचं सगळं रद्द समजा. पहिली मशीन नको, शिक्का नको, तुमच्या आत्यांना काय सांगायचं ते मी येऊन सांगतो, मंठ्याचं मी बघून घेईन. मोठा रोल घेणारी मशीन पाठवा. दुसरीत तो दाणा साफ येत असेल तर दुसरी, नसेल तर तिसरी कुठं भाड्यानं चालवतात का ते पुण्यात विचारा, मी रोल घेऊन स्वतः येतो. पण जल्दी करा.

निगेटिव्ह मी खिडकीच्या काचेला धरली आणि भिंग तिच्या हातात दिलं. तुम्हाला माहीत आहे, निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, काळे केस पांढरे होतात. ती लई वेळ बघत राह्यली. मग म्हणाली, “म्हातारे झाले असते तर आसेच दिसले असते.” भिंग तिनं अजून परत दिलेलं न्हाई. मला आता तिला त्याचे केस काळे करून दाखवायचे आहेत.