शेगडीत काय जाळलं

रणजीत,

कंपनीतनं आलास की आधी हे वाच, मग गोठ्यात जा.

तुझा दोस्त प्रीतम आठ दिवस झाले "काकू, उद्या लाकडाचा टेम्पो पाठवतो" म्हणतोय. कालपासनं तर फोनच उचलत न्हाई. आंघोळीचं पाणी मी गॅसवर तापवलं, पण बाळंतिणीच्या शेगडीला निखारा गॅसवर कसा करू? सकाळी थंडीनं मोनिकाचे दात वाजत व्हते. तुझ्या तान्ह्या लेकीची पावलं गार पडली व्हती.

म्हणून तुझ्या शर्यतीच्या गाड्याचं जू मी कुऱ्हाडीनं फोडलं. पोरीला वास लागू नये म्हणून आधी रंग सगळा खरवडला, मग अंगणात पेटवलं. बाभळीचं व्हतं, निखारा चांगला धरला. दोघींना शेक मिळाला. उद्याला काय जाळू ते मात्र मला ठावं न्हाई.

मी चाकणला प्रीतमच्या वखारीत चालले. शर्यतीच्या घाटात तुमी दोघं गळ्यात गळा घालता, तू त्याला काय बोलणार न्हाईस. लाकूड टेम्पोत चढल्याबिगर मी तिथनं उठणार न्हाई.

मोनिकाला वाटतंय लाकूड आलं, तसंच वाटू दे. मेथीची भाजी झाकून ठेवलीय, तिला गरम करून वाढ.

जू फोडल्याचा राग मी आल्यावर माझ्यावर काढ. पण त्याआधी पोरीला मांडीवर घे. अठरा दिवसांत तू तिला एकदाही घेतलं न्हाईस.

तिची पावलं आता ऊन हायेत.

आई