चौदा चेंडूंची खोली

१३ मे, शिकागो

पुन्हा आम्हीच! सलग दुसऱ्या वर्षी पहिली निवड आमची — देशातला सर्वांत गुणी नवा बास्केटबॉलपटू उचलायचा हक्क. ही हरलेल्या संघांची सोडत. जो जास्त हरला, त्याला संधी जास्त. दारातच फोन काढून घेतात, पाकिटात बंद करतात. आकडे लिहिलेले चौदा चेंडू हवेत नाचतात, चार वर येतात, ते चार आकडे ज्या संघाच्या यादीत तो जिंकला, झालं! मग टीव्हीवर जाहीर होईपर्यंत तासभर कुणाला बाहेर सोडत नाहीत.

संघाचा प्रतिनिधी म्हणून मी येतो तो त्या तासासाठी.

डेल्फीन शेजारी बसते. पश्चिम किनाऱ्यावरच्या संघाची. तिकीटखिडकीत एकतीस वर्षं काढलेली. "अभिनंदन. चोर कुठले!" म्हणाली. मग शाळेतल्या कविता. नदीवरची मी सुरू केली, तिसऱ्या कडव्यात अडलो — तिनं पुढे नेली, तीही चालीवर! पलीकडचा हिशेबतपासनीस आढ्याकडे बघत बसला.

१४ मे

यंदाही तिचा नंबर घेतला नाही. फोन पाकिटात, आणि दार उघडलं की जो तो धावत सुटतो. तिच्या कार्यालयात फोन करू? काय सांगू? सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, कविता अर्धी राहिली म्हणून?

२ नोव्हेंबर

नवा पोरगा सोनं आहे. आमचे मॅनेजर रस्किन जिन्यात भेटले. "पॉप्स, तुमचा हात लागला आणि संघाचं भाग्य उजळलं! आता सोडतीची गरजच नाही, मे महिन्यात घरीच बसा आरामात." पाठीवर थाप. हसलो. घरी येऊन सूप तसंच ओतून दिलं.

१९ जानेवारी

सलग सहावा विजय. अरेरे!

(लिहून गेलो खरं. खोडत नाही.)

६ मार्च

चाळीस वर्षं या संघाच्या गुणफलकामागे बसलो. कुठल्या सालच्या कुठल्या सामन्यात किती गुण, झोपेतून उठवून विचारा. आणि आज पाहुण्यांचा चेंडू जाळीत पडला तशी माझी मूठ आनंदानं वळली! शेजारच्या बाईंनी पाहिलं.

"संताप होतो ना, पॉप्स? माझाही."

होय म्हटलं.

१२ एप्रिल

शेवटचा सामना. जिंकलो तर बाद फेरी, हरलो तर सोडत.

एका गुणानं हरलो.

पोरगा डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसला होता. खांदे हलत होते. माझ्यानं बघवेना. तरी घरी येऊन कोटाला इस्त्री केली.

१४ एप्रिल

रस्किन यांचा फोन. "पॉप्स, आपण थोडक्यात चुकलोय, त्यामुळे सोडतीत दोनशेत एक एवढीच आशा. उगाच दगदग. जाल का?"

त्यांचं वाक्य संपायच्या आत जातो म्हटलं. डेल्फीनचा संघ तळाला आहे. ती येणारच.

१२ मे, शिकागो

खोलीतच लिहितोय. तिच्या खुर्चीत टाय लावलेला एक तरुण आहे.

"डेल्फीन? त्या गेल्या जूनमध्येच निवृत्त झाल्या. मागची सोडत आपली शेवटची, असं सगळ्यांना सांगून आल्या होत्या."

मला नव्हतं सांगितलं.

चेंडू आले. चारही आकडे आमचे. दोनशेत एक! सगळे उठून पाठीवर थापा मारताहेत.

दार उघडायला अजून पन्नास मिनिटं आहेत.