एक खाडाखोड, माझ्याच हातची

मी खाली सही करणारा, धंद्याने कुलपांचा कारागीर, बाजारात ‘किल्लीमास्तर’ म्हणून ओळखला जाणारा, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मुलीला तो खोटा वाटतो.

१. राहत्या खोल्या आणि खालचे दुकान माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. त्यावर मुलगी आणि मुलगा यांचा सारखा हक्क राहील. मुलगा कामासाठी परगावी गेला. आधी फोन येत, मग थांबले. तो आहे की नाही, हे पोलिसांनाही सांगता आले नाही. वकीलसाहेबांनी मसुद्यात ‘मुलगा’ या शब्दाआधी ‘मयत’ लिहिले होते. म्हणाले, “सात वर्षं काही पत्ता नाही, कायद्याने आता तसं धरता येतं, मास्तर. पुढे मुलीला त्रास नको.” बोलणे रास्त होते. तरी तो शब्द मी खोडला आहे आणि शेजारी सही केली आहे.

२. दाराचे कुलूप बदलू नये. ते खटारे आहे, केसांच्या पिनेनेही उघडेल. गिऱ्हाइके मला हसतात. मुलगी तर एकदा कडाडलीच, “बाबा, अख्ख्या बाजाराला भारी कुलपं बसवता आणि आपल्या दाराला हे?” म्हटले, “अगं, त्याच्याकडे याचीच किल्ली आहे ना.” ती रडली, मग माझ्यावर चिडली, आणि दुसऱ्या दिवशी तिनेच कुलपात तेल सोडले.

३. माझ्या सगळ्या कानशी समोरच्या कुलूपवाल्याला द्याव्यात. तो जन्मभर मला ‘गोगलगाय’ म्हणत आला. आता त्याने या बोथट कानशींवर काम करून दाखवावे.

४. चर्चच्या गायनमंडळातल्या बाई दर रविवारी माझा हात दाबून म्हणतात, “सगळं चांगल्यासाठीच असतं हो.” त्यांना मी क्षमा करतो. मनापासून नाही, पण लेखी.

५. माझा विश्वास मोठा, असे पाळकसाहेब उपदेशात सांगतात. त्यांनी ते थांबवावे. मी देवाला रोज एकच विचारतो, पोरगा कुठे आहे? वरून हूं की चूं नाही. एकदा सकाळी बजावले, “जा, आजपासून तुझ्याशी बोलणार नाही!” बाणा दुपारपर्यंत टिकला. एक गंजलेली तिजोरी आली, आणि तिच्याशी झटताना सवयीने तोंडातून निघाले, “प्रभू, एवढी उघड रे बाबा.” अबोला तिथेच मोडला. तिजोरी उघडली नाही, ती गोष्ट वेगळी. खरे सांगायचे तर मला त्याच्याशी बोलल्यावाचून करमत नाही. तो गप्प राहतो, पण माझे तेच ते रडगाणे ऐकून घेणारा दुसरा आहे कोण?

६. मला पुरताना ‘आता यांना सगळी उत्तरं मिळाली’ असे कोणी म्हणू नये. तिथेही रांग असू शकते.

७. मुलगा परतल्यास त्याचा वाटा बिनशर्त द्यावा. आधी जेवायला वाढावे, चौकशी नंतर. तो माझ्याआधीच प्रभूपाशी गेल्याचे नक्की कळल्यास त्याचा वाटा मुलीचा. त्या बाबतीत माझी हरकत नसेल, कारण तेव्हा तो माझ्यासमोर उभा असेल.

साक्षीदार: पाळकसाहेब (सही), डॉक्टर (सही)
लिहून ठेवणार: किल्लीमास्तर (सही)
स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: रविवार, उपासना आटोपल्यावर