रात्रभर लावलेला नंबर

दौंड, २ जुलै २००१

सकाळच्या बसने शिरूरहून येऊन स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत सामान लावले. खोली लहान असली तरी हवेशीर आहे. घरमालकीण सिंधूबाईंनी आल्याआल्या चहा पाठवून माणुसकी दाखविली. मन प्रसन्न आहे.

हाती घेतलेल्या कामाची नोंद प्रथम करून ठेवतो. माझी मुलगी गौतमी जर्मनीत परिचारिका आहे. जावई रोहन फेब्रुवारीत अपघातात गेले. तेव्हापासून तिच्या कामाच्या पाळ्या आणि पाच वर्षांची भाग्यश्री यांचा मेळ बसत नाही. पोर शेजाऱ्यांच्या घरी दिवस काढते. मला तेथे दीर्घकाळ राहावयाचे तर जर्मन भाषेच्या वर्गात प्रवेश घेणे, एवढा एकच मार्ग गौतमीला सापडला. वर्गचालकांनी जागा राखून ठेवली आहे. जन्माचा व रहिवासाचा असे दोन साक्षांकित दाखले ऑगस्टअखेर पोहोचले, की प्रवेश कायम आणि व्हिसाही मिळेल.

माझा जन्म खुटबावचा, म्हणून जन्माचा दाखला दौंडच्या कचेरीतून घ्यावयाचा, रहिवासाचा शिरूरहून. शिरूरहून येईपर्यंत येथील रांग भरते, यास्तव ही खोली. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून उभी नोकरी पतसंस्थेचे हिशेब तपासण्यात गेली. दोन दाखले म्हणजे फार तर पंधरवड्याचे काम. संध्याकाळी जर्मन पुस्तकातील पहिला धडा पाठ केला.

६ जुलै

कचेरीची रीत समजली. माणसे आपापल्या चपला दारापासून रांगेत मांडतात आणि स्वतः कडुनिंबाच्या सावलीत बसतात. आतला माणूस बाहेर आला, की शिपाई काठीने सगळ्या चपला एकेक जागा पुढे सरकवितो. प्रथम हसू आले; मग विचारांती ही व्यवस्था निर्दोष वाटली. कोणी घुसत नाही, कोणी भांडत नाही.

निंबाखाली खुटबावच्या गेणबांची ओळख झाली. पूर्वी मेंढरे राखीत, आता शेती करतात. नातीच्या जातीच्या दाखल्यासाठी उन्हाळ्यापासून खेटे घालीत आहेत. मला अवघडलेला पाहून ते म्हणाले, “बीकाम सायेब, सरकारला आपलं थोबाड कशाला हवंय? खेटार दिसलं की बास हाय.” मीही चपला काढून, टोके दाराकडे करून, सरळ रेषेत ठेवल्या.

कारकून भाऊसाहेबांनी जन्मनोंदीचे पुस्तक बांधणीस गेल्याचे सांगितले.

२० जुलै

पुस्तक आले, सही करणारे साहेब प्रशिक्षणास गेले. मधल्या काळात शिरूरला जाऊन आलो. तेथील कारकुनाने दौंडच्या खोलीची चौकशी केली आणि मी आता दौंडचा रहिवासी असल्याने दाखला दौंडनेच द्यावा, असा निर्णय दिला. दौंडचे भाऊसाहेब म्हणाले, की आप्पा, तुम्ही काल आलेला माणूस, तुम्हाला रहिवासी कसं म्हणायचं. दोघांचेही म्हणणे नियमाला धरून आहे. खोली घेण्याचा निर्णय माझा होता.

गौतमीचा फोन झाला. शेजारीण थकली आहे. परवा भाग्यश्री एकटीच जिना उतरून ट्रामच्या रस्त्यापर्यंत गेली होती. गौतमी रडली नाही. फक्त म्हणाली, की आप्पा, लवकर या.

९ ऑगस्ट

वर्गचालकांचे पत्र आले: ३१ ऑगस्टनंतर जागा दुसऱ्यास देण्यात येईल.

कचेरी बंद होताना शिपाई हाकारतो, आपापलं उचला, आणि सर्वजण निमूटपणे चपला उचलतात. मी नियम विचारला. लेखी नियम नाही. म्हणून ठरविले, की आज चपला दारालगत ठेवूनच जायचे; उद्या पहिला नंबर माझा.

गेणबांनी हात धरला. म्हणाले, “रातीचा नंबर लावू नगा. रिकामं खेटार रातभर हुबं ऱ्हायलं की कुनीतरी पाय घालतंच. मंग नंबर त्याचा.” जुन्या चपला चोरून कोण काय करील, असे मी विचारले. नेहमी थट्टा करणारा हा मनुष्य या वेळी हसला नाही. शेजारच्या बायकांनीही पदर सावरून मान फिरविली.

अनवाणी परतलो.

१० ऑगस्ट

कचेरी उघडण्यापूर्वी पोहोचलो. दारालगत चपला नव्हत्या.

भाऊसाहेब वैतागून म्हणाले, की आप्पा, आत्ताच तर मागच्या दाराने येऊन दोन्ही दाखले घेऊन गेलात, आता पुन्हा काय? मी आलोच नव्हतो, असे सांगताच ते हसले. म्हणाले, मघाशी किती गोड बोललात, आता पुन्हा वाद घालू नका.

चपला निंबाखाली सापडल्या. पाय घातले. आतून उबदार होत्या, नुकत्याच कोणी काढून ठेवाव्यात तशा.

२२ ऑगस्ट

दाखले एकदाच मिळतात. दुसऱ्या प्रतीसाठी नवा अर्ज, त्यासाठी रहिवासाचा पुरावा.

गौतमीला फोन केला. ती आनंदात होती. कागद पोहोचले, प्रवेश कायम झाला. म्हणाली, की आप्पा, काल भाग्यश्रीशी फोनवर जर्मन किती छान बोललात. ती हसून हसून लोळली.

काल मी फोन केला नव्हता. मला फक्त पहिला धडा येतो. तसे तिला सांगितले. ती म्हणाली, पुरे झाला विनयशीलपणा.

१४ सप्टेंबर

पेटीतून पासपोर्ट नाहीसा. कुलूप शाबूत.

पोलीस चौकीत विचारण्यात आले, की तुम्ही शंकरराव कशावरून? सांगण्यासारखे पुष्कळ होते. दाखविण्यासारखे काही नव्हते.

खोलीवर परतलो तर सिंधूबाई दारात आडव्या उभ्या. कोण पाहिजे, असे विचारले. शंकरराव कालच पेढे देऊन गेले म्हणे. सामान ओट्यावर काढून ठेवले होते.

२५ सप्टेंबर

रात्री स्टेशनवर काढतो. चपला भीमेत टाकून दिल्या. आता रांगेत स्वतः उभा राहतो, अनवाणी, सर्वांत मागे. नवा अर्ज –

गेणबा आले. मी हाक मारली. त्यांनी निंबाकडे पाहिले, खाली वाकले आणि मी उभा होतो तेथेच आपल्या चपला ठेवल्या. माझ्या पायांवर. थट्टा नव्हती. जागा रिकामी दिसली असावी.

शिपायाची काठी नडगीवर बसली. तो थांबला नाही. पुढच्या चपला सरकवीत गेला –

२ ऑक्टोबर

वर्ग काल सुरू झाला. माझा वर्ग.

बूथवाल्याने मला पाहिले नाही. फोन मोकळा होता. गौतमीला म्हणालो, बाळ, मी आप्पा. ती म्हणाली, की आप्पा माझ्यासमोर बसून जेवताहेत, आपण कोण?

तिच्या आईचे नाव सांगितले. निमोण्याच्या शाळेत पहिल्या दिवशी ती किती रडली, ते सांगितले. ती म्हणाली, हे सगळं त्यांनीही सांगितलंय. मग हळू आवाजात – किती महिन्यांनी मला झोप लागते आहे. तुम्ही जे कोणी असाल, पुन्हा फोन करू नका.

पोरीला झोप लागते आहे. यावर मी काय –

४ ऑक्टोबर

गौतमी कामावर असेल, म्हणून या वेळी लावला. भाग्यश्रीने उचलला. तिच्या मोडक्या मराठीत बोलली. आजोबा छान आहेत. आजोबा जेवतात, पण ताट भरलेलेच राहते. आजोबांचे पाय जमिनीवर –

पुढचा शब्द तिला मराठीत आला नाही.

विचारले, तू आता काय करते आहेस. म्हणाली, आजोबांनी माझे बूट दाराबाहेर ठेवलेत. टोके दाराकडे करून. रात्रभर तिथेच ठेवायचे आहेत.

म्हणालो, बाळ, ते आत घे. आत्ता. ती म्हणाली, आजोबा नको म्हणतात. मागे कोणीतरी शांतपणे बोलले. माझ्याच आवाजात. जर्मनमध्ये. शब्द कळले नाहीत – मला फक्त पहिला धडा –

फोन ठेवला गेला.

पुन्हा लावला आहे. घंटा वाजते आहे. रिसीव्हर खांद्यात धरून लिहितो आहे. गौतमी नाही. शेजारीणही आता येत नसेल. घंटा – उचलला. पावले ऐकू येतात, लहान, दाराकडे – भाग्यश्री, बाळ, दार उघडू न