हळदीच्या कारखान्यात काच चालत नाही

३ मार्च
सकाळी शेठनी सगळ्या बायकांना पॅकिंगच्या हॉलबाहेर उभं केलं. इंग्रजी मेल स्वतः वाचला, मराठीत सांगायचं काम मला. सुपरवायझर ना मी! आपली हळद घेणाऱ्या परदेशी दुकानवाल्यांच्या कुठल्याशा गावात मसाल्याच्या पुडीत हिरव्या काचेचा तुकडा निघाला. पुडी आपली नव्हती, पण नियम सगळ्यांना. आता गेटच्या आत काच नको. बांगड्या नको, टिकली नको. महिनाअखेरीला तपासणी.
रुखमाबाई म्हणाली, "हळदीच्या कामाला बोडक्या हातानं? असं कुटं असतंय व्हय?" सगळ्या हसल्या, मीही. सुनंदा हसली नाही. घरात ती माझी धाकटी जाऊ, कारखान्यात माझ्या हाताखाली. तिथं मी तिच्याकडं बघायचं टाळतेच.

५ मार्च
सु. शी बोलले. म्हणजे प्रयत्न केला.
किसनभाऊजींना नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं त्याच दिवशी तिनं दोन्ही हात भरून हिरवा चुडा भरला. देवीला बोलून. ते बरे होऊन घरी येईपर्यंत उतरवायचा नाही. कासारणीनं मुद्दाम लहान मापाच्या भरल्या, सहजी निघू नयेत म्हणून. आता काढायच्या तर फोडाव्या लागतील. आणि नवरा दवाखान्यात असताना बांगड्या फोडायच्या म्हणजे... पुढचं लिहवत नाही.
"अक्का, दुसरं कायबी सांगा."
दुसरं काय सांगू? दवाखान्याची औषधं तिच्या पगारावर येतात. आमच्या ह्यांचं तर शेतातच भागत नाही.

९ मार्च
शेठच्या मुलानं मोबाइलवर त्या दुकानाचा फोटो दाखवला. मला वाटलं होतं झगमगाट असेल. कसला काय! खोकी वरून फाडून तशीच फळीवर ठेवलेली. नोकर दोन-तीन. पुडीवर नाव त्यांचंच, आपल्या वसमतचं कुठं नाव नाही. शेठ म्हणाले, स्वस्त विकायचं तर असंच करतात. दर साली आपला भाव थोडा खाली, अटी थोड्या वर. आणि आपण हो म्हणतो, कारण एवढा माल एकदम उचलणारं दुसरं कोण आहे?
मला त्यांचा मनसोक्त राग करायचा होता. पण तिकडच्या एखाद्या लेकराच्या तोंडात काच गेली असती तर? हाही विचार येतोच. राग धड करता येईना.

१६ मार्च
बाकी सगळ्यांच्या बांगड्या उतरल्या. कुणी साबण लावून, कुणी तेल. गेटजवळ प्रत्येकीचा एक डबा, सुटी झाली की घालून घरी. रुखमाबाई रोज कटकट करते पण काढते.
शेठना म्हटलं, सुनंदाला आवारात हळकुंडं निवडायला बसवा. म्हणाले, "मंगलताई, आवार पण गेटच्या आतच आहे." बरोबरच आहे त्यांचं. सगळ्यांचंच बरोबर आहे, हीच तर पंचाईत.

२३ मार्च
शक्कल सापडली! रुखमाबाईची. दवाखान्यात बांधतात तसली पट्टी दोन्ही मनगटांना गच्च गुंडाळायची. काच दिसत नाही, वाजत नाही, तुकडा पडायचा प्रश्न नाही. वरून हातमोजे. सु. नं आरशात हात बघितले आणि किती दिवसांनी हसली. मलाही फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

२८ मार्च
तपासणी. पुण्याची मुलगी, वयानं लहान, बोलायला गोड. डोक्याला जाळी, हातात घड्याळसुद्धा नाही. सगळं बघत बघत सु. पाशी आली.
"मावशी, हाताला काय झालं?"
सु. नं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "भाजलंय."
भाजलंय! दोन्ही मनगटं, सारखीच! ती म्हणाली, भाजलेल्या हातानं खाण्याच्या वस्तूवर काम चालत नाही, आधी जखम बघू द्या. पट्टी सोडावी लागली. आतून हिरव्यागार बांगड्या.
काच चालली नसतीच, पण जखम त्याहून वाईट, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. गेलो करायला गणपती, झालं माकड.
जाताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, मला कळतं सगळं. पण हे मला लिहावंच लागतं."
भरलेला सगळा माल अडकला. २ तारखेला परत तपासणी.

२९ मार्च
शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "सुनंदाबाईंना ठेवू की बाकी सगळ्यांना, तुम्हीच सांगा." बांगड्या उतरवायला लावते म्हणून मान हलवून आले.
घरी वाटलं होतं, सासूबाई देवीची शपथ घालतील. त्या सु. ला जवळ घेऊन म्हणाल्या, "देवीची माफी मागता येती, पोरी. दवाखाना माफ करत न्हाई." आणि स्वतःच रडायला लागल्या. लेक त्यांचाच ना.

३१ मार्च
सु. ला घेऊन कासारणीकडं गेले. तिनं ऐकलं आणि पोटली बांधून ठेवली. "भरायचं काम माजं. धनी जित्ता असताना फोडायचं पाप मी न्हाई घेणार."
परत अंगणात आल्यावर सु. म्हणाली, "अक्का, मग तुमीच. परक्याच्या हातानं नको."
नळाखाली साबण लावला. थोड्या निघाल्या. तिचा हात लालबुंद झाला, बाकीच्या निघेनात. शेवटी ओलं फडकं गुंडाळून वरवंटा घेतला. तिनं तोंड फिरवलं. मी माझ्या हातानं... ती रडली नाही. मी रडले, ते बघून तिनंच माझ्या पाठीवर हात फिरवला. तो हात फार हलका लागला.
काचा गोळा करून तुळशीपाशी पुरल्या.

२ एप्रिल
तपासणी पास. तीच मुलगी. सु. चे हात बघितले, खूण केली, पुढं गेली. माल सुटला.
शेठनी पेढे वाटले. मग मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, पुढच्या हंगामाला भाव अजून उतरवायला सांगतायत, नाहीतर दुसरीकडून घेतील म्हणे. बायकांना एवढ्यात बोलू नका.
नाही बोलले.

६ एप्रिल
किसनभाऊजींना घरी सोडलं. बरे झाले म्हणून नाही. डॉक्टर म्हणाले, चार दिवस लेकराबाळांत राहू द्या. कशासाठी, ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ह्यांनी आणि रिक्षावाल्यानं धरून आत आणलं.
सु. नं पाण्याचा तांब्या पुढं केला. भाऊजींनी तांब्या घेतला नाही. तिच्या मनगटाकडं बघत राहिले. तिनं पदर ओढून हात झाकला, तेव्हा ते माझ्याकडं वळले.
"वैनी, मी हाय ना अजून?"
हसून म्हणाले. कारखाना, काच, परदेशातलं दुकान, कुठून सुरुवात करू? चहा ठेवते म्हणून आत आले.
उद्या सकाळची पाळी. सु. तिकडं त्यांच्या उशाशी बसली आहे. कामाला येतेस का, हे मलाच विचारायचं आहे.