नावाड्याचं लग्न

आई, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुला वाचता येत नव्हतं, मग लिहून काय उपयोग, असं म्हणता म्हणता माझेच केस पांढरे झाले. माझी शाळा सातवीपर्यंतच. चुकलंमाकलं सांभाळून घे.

दुपारी डोळा लागला आणि आपली गल्ली दिसली. ओल्या पानांचा, तंबाखूचा वास येतोय. तुम्ही बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळताय आणि मी उंबऱ्यावर बसून वाचनालयातलं ते नावाड्याचं पुस्तक मोठ्यानं वाचतोय. नावाडी एकटाच असतो. नाव दुरुस्त करायला एक सुतार येतो, त्याच्याच झोपडीत राहून जातो, आणि दोघं तिथंच म्हातारे होतात. पुस्तकात एवढंच. पण शेजारची विधवा काकू म्हणायची, "बायको मेली असंल त्येची, सांगत न्हाय." नवऱ्यानं टाकलेली मावशी फणकारायची, "कुनीतरी फशिवलंय बिचाऱ्याला." पुस्तक संपलं तरी त्याचं लग्न होईना, तेव्हा बायकांनीच लावून टाकलं. मंगलाष्टकं झाली, पानांची कात्रणं अक्षता म्हणून उडाली. ती अजून तरंगत खाली येतायत. तू मात्र मूठ उघडली नाहीस.

"त्येला इचारलं का कुनी?" म्हणालीस.

"अगं, पुस्तकातला हाय की त्यो!"

"म्हनून काय झालं?"

तेच पुस्तक गेल्या आठवड्यात मला रद्दीत सापडलं. पुण्याहून सुट्टीला आलेल्या नातवाला मी काकूचं म्हणणं आणि तुम्ही लावलेलं लग्न सांगितलं. त्यानं ते वाचलं आणि तो म्हणाला, "आजोबा, या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे."

"असं कुठं लिहिलंय?"

"बायको मेली, असं तरी कुठं लिहिलंय? तुम्हाला ते दिसलं, मला हे दिसलं."

तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. रविवारी त्याच्यासाठी कुर्डुवाडीला मुलगी बघायला जायचंय. पहिला शब्द घरातल्या वडीलधाऱ्यानं, म्हणजे मी बोलायचा. पोरगं हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. त्याचा बाप म्हणतो, "आबा, लई काळजी करता तुमी." असेलही. कदाचित काकू-मावशीनं नावाड्याला वाचलं, तसा मी पोराला वाचत असेन. पण खरंच तसं असलं तर? आणि त्या मुलीचं काय?

त्या दिवशी मूठ मिटून बसलीस, तेव्हा तुला कोण आठवलं होतं गं? जेऊरचा तुझा भाऊ, जन्मभर बिनलग्नाचा राहिला तो? की कुणीच नाही, नुसतं विचारावंसं वाटलं?

हे टपालात टाकत नाही. तिकडं तुला कोण वाचून दाखवणार? रविवारच्या आधी पोराला विचारावं म्हणतोय. खरं सांगू, मला त्याच्या उत्तराची भीती नाही. ते ऐकताना माझ्या तोंडावर काय उमटेल, त्याची आहे. तो आत चहा करतोय, कपबशा वाजतायत. आता बाहेर येईल आणि माझ्याजवळ बसेल. आई, काहीतरी कळव, चहा गाळून व्हायच्या आत.